मूळ पाहावे, पण मराठीतून

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आपल्या पत्रस्तंभात ‘आता पुढे काय’ यावर अधूनमधून पत्रे येतात. दुकानांच्या पाट्या, बँकेतले अर्ज, बंद पडणाऱ्या शाळा, सगळ्यांवर लिहून झाले आहे. माझी मागणी जरा वेगळ्या कोपऱ्यातली आहे आणि तिच्यामागे माझ्या वडिलांचे एक जुने पुस्तक आहे.

वडील नवापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करायचे. त्यांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आज माझ्याकडे आहे. पाठीला दोनदा कापडी पट्टी लावून शिवलेले, आणि समासात जागोजागी बारीक पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द: ‘मूळ पाहावे’. मी मोजले, असे ६३ ठिकाणी आहे. जुना करार बहुतांश हिब्रूत, थोडा अरामीत, आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला हे त्यांना ठाऊक होते. पण १९८७ साली ते वारले तोवर त्यांनी ग्रीकचे एक अक्षरही पाहिले नव्हते. तसले ग्रंथ पाहायचे तर तेव्हा यवतमाळला असलेल्या आणि १९८३ नंतर पुण्याला गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेसारख्या ठिकाणी जाऊन राहावे लागले असते. मास्तरांच्या रजेत आणि पगारात ते कधी बसले नाही.

मी ३३ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, बहुतेक सगळी नंदुरबार जिल्ह्यातच. निवृत्त झाले तेव्हा सुरतेला नोकरी करणाऱ्या भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यावर ई-स्वोर्ड हे बायबलच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर टाकून दिले. पुढे केंब्रिजच्या टिंडेल हाऊस या अभ्याससंस्थेने केलेले स्टेप बायबल मिळाले, मोबाइलवर अँडबायबल घेतले. तिन्ही फुकट आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालतात. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते, त्यामुळे ही गोष्ट मोठी आहे. मध्यंतरी एकाने महागड्या सॉफ्टवेअरची चोरून केलेली प्रत पेन ड्राइव्हवर आणून दिली होती. ती मी परत केली. देवाचे वचन चोरीच्या मालातून वाचायचे मला पटले नाही.

हे सॉफ्टवेअर काय करते ते साध्या शब्दांत सांगते. पडद्यावर ग्रीक ओळ येते. तिच्यातल्या एका शब्दावर बोट ठेवले की तो मूळ कोणत्या शब्दापासून झाला, काळ कोणता, पुरुष कोणता, वचन कोणते, आणि तोच शब्द शास्त्रात आणखी कुठेकुठे आला आहे, हे सगळे क्षणात समोर येते. यामागे जेम्स स्ट्राँग यांची १८९० सालची शब्दसूची आहे. त्यांनी हिब्रू शब्दांना ८६७४ पर्यंत आणि ग्रीक शब्दांना ५६२४ पर्यंत क्रमांक दिले. आज जगभरची बहुतेक साधने तेच क्रमांक वापरतात. ज्याला ग्रीक येत नाही तोही क्रमांकाच्या काठीने चालू शकतो.

पहिल्यांदा मी उघडला तो मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे नव्या करारातल्या एका येशूचरित्राचा, चौथा अध्याय. वादळ उठले आहे, नावेत पाणी भरते आहे, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात, गुरुजी, बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही? वडिलांनी समासात लिहिले होते: ‘आम्ही बुडतो की आपण बुडतो? मूळ पाहावे.’

मुळात एकच शब्द आहे, अपोल्लुमेथा. त्यावर बोट ठेवले. प्रथम पुरुष, अनेकवचन, वर्तमानकाळ. बस. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेदच नाही. म्हणजे मूळ त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मराठी भाषांतरकाराला ते स्वतःच ठरवावे लागते. ‘आम्ही’ म्हटले तर ती तक्रार होते, तू झोप, मरतोय आम्ही. ‘आपण’ म्हटले तर त्या घाबरलेल्या माणसांनी झोपलेल्यालाही आपल्याच नावेत धरले. मी त्या रात्री बराच वेळ लॅपटॉप बंद केला नाही. वडिलांच्या प्रश्नाला तीस वर्षांनी उत्तर मिळाले होते, आणि तो प्रश्न किती नेमका होता हेही त्याच वेळी कळले.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. हा प्रश्न इंग्रजी माणसाला पडतच नाही, कारण इंग्रजीत दोन्हींना ‘वी’ हा एकच शब्द. म्हणून इंग्रजीत लिहिलेल्या टिपा कितीही चाळल्या तरी माझ्या वडिलांचा प्रश्न त्यांत सापडत नाही. आणि मी वापरते त्या एकाही साधनात ग्रीक किंवा हिब्रू शब्दाचा अर्थ मराठीत येत नाही. अर्थ इंग्रजीत, व्याकरण इंग्रजीत, कोश इंग्रजीत. मराठी पवित्र शास्त्र बाजूच्या चौकटीत दिसते, पण त्याचा आणि मूळ ओळीचा हात एकमेकांना लागत नाही.

उलटही सांगते. लूकच्या शुभवर्तमानात बाविसाव्या अध्यायात येशू पेत्र या शिष्याला म्हणतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण मी तुझ्यासाठी विनंती केली. आधी ‘तुम्हाला’, मग ‘तुझ्यासाठी’. ग्रीकमध्ये असेच आहे: चाळणी सगळ्या शिष्यांना, प्रार्थना त्या एकट्यासाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’, म्हणून तिथे तळटीप द्यावी लागते. मराठी वाचणाऱ्या आमच्या आजीबाईंना ते न शिकवता कळते. आणि ‘चाळणे’ हे क्रियापद नव्या करारात एकदाच आले आहे, हे सॉफ्टवेअरने दाखवले. चाळणीत गहू कसा उडतो-आपटतो हे आमच्या भगिनी मंडळात मला कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

व्याकरणाचेही तसेच. पडद्यावर ‘जेनिटिव्ह’ लिहून येते, ‘डेटिव्ह’ लिहून येते, आणि आमच्या मुली घाबरतात. अहो, ती षष्ठी आणि चतुर्थी आहे! ‘स, ला, ते’ आणि ‘चा, ची, चे’ सातवीपर्यंत सगळ्यांनी घोकलेले असते. हिब्रूत दोन हात, दोन डोळे यांसाठी द्विवचन आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलाला ते परके नाही. ग्रीकमध्ये क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते तेव्हा एक वेगळा प्रयोग होतो. इंग्रजी पुस्तके तो समजावताना पानेच्या पाने घालवतात, कारण त्यांच्याकडे त्याला जोडीदार नाही. आपल्याकडे ‘आत्मनेपद’ हा शब्द तयार आहे. ही शिदोरी घरात असताना आपण इंग्रजीच्या दारात ताट घेऊन उभे आहोत.

मी नोकरीत हेच काम केले म्हणून मला हे जास्त टोचते. डॉक्टर चिठ्ठीवर बीडी, टीडीएस, एचएस लिहीत. सकाळ-संध्याकाळ, दिवसातून तीनदा, झोपताना. ते मी मावचीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत, सांगायचे, अहिराणीत सांगायचे, स्टेशनजवळच्या वस्तीत गुजरातीतही सांगायचे. एकदा एका बाईने कानात घालायचे थेंब मुलाला पाजले. बाटलीवरचे इंग्रजी तिला कुणी समजावून सांगितले नव्हते. मूल सुखरूप राहिले, पण मी ते विसरले नाही. आमच्या नवापूरच्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे गाडीची घोषणा चार भाषांत होते, कारण गाडी चुकली तर माणसाचे नुकसान होते. शास्त्राचा अर्थ चुकला तर काही नुकसान होत नाही, असे आपण समजतो का?

आणि अर्थ चुकतो, हे मी पाहिले आहे. एका मोठ्या सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकांनी सांगितले की ‘सामर्थ्य’ यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘डुनामिस’ आहे आणि त्याचा अर्थ डायनामाइट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, डायनामाइटचे पेटंट आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली घेतले! त्याने ग्रीक शब्दावरून नाव ठेवले. नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या पौलाने डायनामाइटवरून शब्द घेतला नाही. विहिरीच्या सुरुंगाने काय होते ते खान्देशातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. खडक फुटतो, छर्रे उडतात, माणूस लांब पळतो. देवाचे सामर्थ्य असे आहे का? शब्द दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि अर्थ दीडशे वर्षांपूर्वीचा, ही चूक मोबाइलवर नुसता क्रमांक दाबून पहिली ओळ वाचणाऱ्याकडून रोज होते.

माझ्याकडूनही झाली. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पहिल्या दोन वेळा त्याच्या प्रश्नात ‘अगापाओ’ हे क्रियापद आहे, तिसऱ्या वेळी ‘फिलेओ’, आणि पेत्राच्या तिन्ही उत्तरांत ‘फिलेओ’. मी दोन वर्षे भगिनी मंडळात शिकवले की पहिले दैवी प्रेम आणि दुसरे नुसती मैत्री. मग एकदा शोधाच्या खिडकीत दोन्ही शब्द घालून सबंध योहान तपासला. तिसऱ्या अध्यायात पिता पुत्रावर प्रीती करतो तिथे ‘अगापाओ’ आहे, आणि पाचव्या अध्यायात पिता पुत्रावर प्रीती करतो तिथे ‘फिलेओ’. पित्याचे प्रेम दोन अध्यायांत दैवी वरून मैत्रीचे झाले काय? पुढे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याचा सोबती देमास या जगावर प्रीती करून त्याला सोडून गेला, तिथेही ‘अगापाओ’च. मी पुढच्या बुधवारी बायकांसमोर उभी राहून सांगितले की मी चुकीचे शिकवले. सॉफ्टवेअरने चूक करायला मदत केली आणि सॉफ्टवेअरनेच ती पकडून दिली. फरक एवढाच होता की पहिल्या वेळी मी कोश वाचला, दुसऱ्या वेळी वचने वाचली.

माझ्या एका शेजारणीने, त्या वारकरी घराण्यातल्या आहेत, काळजीने विचारले की मूळ-मूळ करत बसलात तर प्रतींतले फरक दिसतील, मग श्रद्धा ढळणार नाही का? फरक दिसतातच. मार्काच्या शेवटच्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या, नाहीत. चांगले सॉफ्टवेअर ते लपवत नाही. मी त्यांना म्हटले, ताई, एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, तेव्हा ज्ञानेश्वरी कमी झाली का? आणि आपल्या धुळ्यात ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पोथी शोधून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली, ती प्रेमानेच ना? धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडे जपून ठेवली आहेत, तीही असल्याच काळजीने. पोथी लावून पाहणे हा या मातीतला जुना संस्कार आहे. बायबलच्या बाबतीत तो फक्त इंग्रजीतून करावा लागतो, एवढेच.

तसेही मराठी या कामाला नवखी नाही. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्राएल या इथल्या ज्यू लोकांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते तिथेच छापून पुरे झाले, छपाईचे खिळे जुळवायलासुद्धा मुक्तिसदनातल्या बायका. लॅपटॉप नाही, क्रमांक नाहीत, विजेचा दिवाही नसेल. त्या बाईने जे शंभर वर्षांपूर्वी केले त्याच्या मानाने आज हातात किती साधने आहेत, आणि तरी मराठी मुलीला हिब्रू शब्दाचा अर्थ पाहायला आधी इंग्रजी शिकावे लागते.

काम किती मोठे आहे? दोन्ही भाषांचे क्रमांक मिळून चौदा हजारांच्या आसपास जातात. रोज चाळीस शब्दांचा थोडक्यात मराठी अर्थ लिहिला तर वर्षभराचे काम. दहा जणांनी मिळून केले तर रोज चार शब्द. व्याकरणाच्या संज्ञा तर काही डझनच आहेत. स्टेप बायबलमागची शब्दांची आणि व्याकरणाची माहिती श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल अशा मोकळ्या परवान्यावर दिलेली आहे. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन हे मराठी भाषांतरही मोकळ्या परवान्यावर मिळते. म्हणजे परवानगीसाठी कुणाच्या दारात उभे राहायचे नाही. शब्दाला शब्द जोडायचा आहे.

सोपे आहे असे मी म्हणत नाही. एकच उदाहरण. हिब्रूत ‘हेसेद’ असा शब्द आहे. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचने आणि प्रत्येकाच्या शेवटी तोच शब्द पालुपदासारखा येतो. मराठीत कुठे ‘दया’, कुठे ‘वात्सल्य’ असे होते. पण दया मोठ्याने लहानावर करायची असते, आणि रूथच्या पुस्तकात नामी आपल्या विधवा सुनांना सांगते की तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी हेसेदने वागलात. सुनांनी सासूवर दया केली? नाही. नाते संपले असे जग म्हणत असताना त्यांनी ते निभावले. आमच्या खान्देशात याला बायका ‘माया’ म्हणतात. ‘तिनं सासूवर लई माया केली.’ मी माझ्या वहीत ‘माया’ लिहिले, आणि मग पेन थांबले, कारण वेदान्त वाचलेल्या मराठी माणसाला ‘माया’ म्हणजे भ्रम. शेवटी लिहिले: ‘निभावलेली माया’. हे बरोबर की चूक ते एकट्या निवृत्त परिचारिकेने ठरवायचे नाही. चार जाणते बसायला हवेत, हिब्रू जाणणारे, मराठी जाणणारे, आणि एखादी सासुरवाशीणसुद्धा.

अशा बैठकीत काय मिळते तेही सांगते. योहानच्या पहिल्या अध्यायात शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, असे आपण वाचतो. मूळ क्रियापद ‘एस्केनोसेन’. त्यात तंबूचा शब्द दडलेला आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात रानातल्या निवासमंडपाला, म्हणजे देवाच्या तंबूला, तोच शब्द आहे. मी भगिनी मंडळात म्हटले, देवाने पाल ठोकले. एक बाई दरवर्षी उसाच्या तोडीला बारडोलीकडे जातात. त्या लगेच म्हणाल्या, म्हणजे आमच्यासारखा पडावात राहिला, पावसाआधी परत जाणारा? मी गप्प झाले. तेवढ्यात दुसरी म्हणाली, मग ‘वस्ती’ बरोबरच आहे की, वस्तीची एसटी नाही का रात्री येते आणि पहाटे निघते? खरेच. ‘वस्तीला राहणे’ म्हणजे मुक्काम करणे, हे मीच विसरले होते. मूळ पाहायला गेलो आणि मराठी भाषांतरकाराचा शब्द अधिक उजळून परत आला. असे इंग्रजी कोशातून कधी झाले नसते.

म्हणून माझी मागणी अशी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या भाषेच्या आणि संगणकाच्या विभागांनी, बायबलच्या महाविद्यालयांनी आणि मराठी मंडळ्यांनी मिळून हिब्रू-मराठी आणि ग्रीक-मराठी शब्दार्थाची एक मोकळी यादी करावी, अशी की कोणत्याही सॉफ्टवेअरला ती जोडता येईल. हे केवळ ख्रिस्ती लोकांचे काम समजू नये. उद्या पाली, अवेस्ता, अरबी यांसाठीही हीच वाट उपयोगी पडेल. एक अभिजात भाषा दुसऱ्या अभिजात भाषेशी बोलताना मध्ये दुभाषा कशाला?

माझ्या वहीत आजवर ४१२ शब्द झाले आहेत. तीन रकाने आहेत: मूळ शब्द आणि त्याचा क्रमांक, मराठी अर्थ, आणि जिथे सुचला तिथे मावची. वडिलांच्या ६३ पैकी ३८ जागा पाहून झाल्या. वही कुणालाही हवी असेल तर झेरॉक्स काढून न्यावी. मला देवनागरी टंकायला फार वेळ लागतो, आणि हिब्रू शब्द मराठीच्या ओळीत चिकटवला की उजवे-डावे उलटसुलट होते. तेवढे काम जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अंगावर घेतले, तर आठवड्यातून दोन दुपारी मी त्याच्याशेजारी बसून वाचून दाखवायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
नवापूर, जि. नंदुरबार